वांद्र्याच्या वाटेवरचे दणके

वांद्रे हे गाव एक नसून दोन आहेत, हे मुंबईकराला सांगायला नको. मधून आगगाडीचे रूळ गेले आहेत आणि त्या रुळांनी एका नावाचे दोन संसार केले आहेत. पूर्वेला खेरवाडी, शासकीय वसाहत, कलानगर आणि साहित्य सहवास. पश्चिमेला हिल रोड, पाली हिल, बँडस्टँड आणि कार्टर रोड. पूर्वेचा माणूस सकाळी भाजीची पिशवी घेऊन निघतो आणि पश्चिमेचा कुत्र्याची साखळी घेऊन. दोघेही आपापल्या परीने सुखी असतात. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रस्ता. आणि गेली अठरा वर्षे मी विलेपार्ल्याहून या गावात मराठी शिकवायला येत असल्यामुळे त्या रस्त्याबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार माझ्या हाडांना तरी खास आहे.

वांद्र्याचे नावच मुळी ‘बंदर’ या शब्दावरून आले, असे सांगतात. इथे माणूस पूर्वी पाण्याच्या वाटेने येई. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि ती तरीतून ओलांडताना पावसाळ्यात माणसे बुडत. अखेर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बंधारा वाहतुकीला खुला झाला. तेव्हापासून वांद्र्याला चाके लागली. छकडे आले, दमण्या आल्या, मागून व्हिक्टोरिया आल्या. १५७५ सालचे सेंट अँड्र्यूचे देऊळ आणि १६४० सालचा पोर्तुगीज किल्ला यांनी ही सारी चाके पाहिली आहेत. माणसाला चाक फार पूर्वी सापडले. पण चाकाचा दणका पाठीपर्यंत पोचू नये याची युक्ती सापडायला त्याला पुढे हजारो वर्षे लागली. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया इलियट नावाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिराने पोलादी पट्ट्यांची दुहेरी कमान करून गाडीखाली बसवली, तेव्हा कुठे श्रीमंतांच्या कंबरेला थोडा आराम पडला.

आज वांद्र्यात श्रीमंतांची चाके पाहायची असतील तर रविवारी भल्या सकाळी बँडस्टँडवर जाऊन उभे राहावे. जमिनीला पोट लावून चालणाऱ्या, पिवळ्या, तांबड्या आणि पोपटी रंगांच्या गाड्या एकेक करून सागरी सेतूकडे निघतात. त्यांचा आवाज आधी येतो, गाडी मागून येते आणि बघ्यांचे मोबाइल त्याच्याही मागून. शेंगदाणेवाला, दूधवाला आणि हवा खायला आलेले पेन्शनर सारे क्षणभर थांबतात. मत्सर म्हणून नव्हे. वरात पाहायला माणूस खिडकीत येतो, तसे.

पूर्व वांद्र्याची या बाबतीतली एक स्वतंत्र पुराणकथा आहे. साहित्य सहवास ही मराठी लेखकांची वसाहत. तिथल्या इमारतींनाही साहित्याची नावे. तिथे राहणारे रमेश तेंडुलकर दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवीत आणि कविता लिहीत. त्यांच्या धाकट्या मुलाने २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि त्याला फियाट कंपनीकडून ‘फेरारी ३६० मोडेना’ भेट मिळाली; इंग्लंडमध्ये मायकेल शूमाकरने ती त्याच्या हाती दिली. गाडी भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयातकराचा प्रश्न निघाला, त्यावरून वर्तमानपत्रांत बरेच दिवस धुरळा उडाला आणि शेवटी तो कर फियाटनेच भरला. २०११ साली ती गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. पण मराठीच्या प्राध्यापकाच्या मुलाकडे फेरारी आली होती, ही गोष्ट आम्हां मराठीच्या प्राध्यापकांच्या मनातून काही जात नाही. वर्गात शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलाकडेही मी तेव्हापासून जरा आदराने पाहतो.

अशाच एका शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची ही हकीकत आहे. मुलगा खेरवाडीच्या दोन खोल्यांत वाढला. वडील बसच्या आगारात फिटर होते. निबंधात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका भरपूर, पण गणितात डोके असे की पुढे संगणकाच्या धंद्यात शिरून त्याने चाळिशीच्या आत पाली हिलवर जागा घेतली. गेल्या वर्षी एक दिवस तो महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, चला, तुम्हांला फिरवून आणतो.” फाटकाबाहेर ती गाडी होती. आमचा शिपाई तिच्याभोवती आदराने एक प्रदक्षिणा घालून आला होता.

गाडी परदेशातल्या एका लहानशा कारखान्यातली. ती कुठल्या कंपनीची, हे सांगण्याची गरज नाही. किंमत मात्र करासकट दोन कोटींच्या घरात गेली होती. हा कारखाना यंत्राने भराभर गाड्या काढत नाही. पत्रा हाताने ठोकून वळवतात, कातडे हाताने शिवतात, लाकडाला हाताने झिलई देतात. दारावरच्या शिवणीचा टाका न् टाका सारखा होता. मी बोट फिरवून पाहिले. आमच्या आजीने घातलेल्या वाकळेची आठवण झाली. आसने दोनच. आत शिरणे म्हणजे विहिरीत उतरणे. आधी एक पाय, मग कंबर, मग डोके, आणि शेवटी प्रतिष्ठा.

आम्ही हिल रोडला लागलो मात्र, आणि विषय कळला. रस्त्यावर कुठेतरी पाण्याच्या नळासाठी खणून पुन्हा बुजवलेली एक आडवी पट्टी होती. बस तिच्यावरून जाताना प्रवाशाला जांभईसुद्धा मोडावी लागत नाही. आम्ही मात्र दोघेही एकदम ‘हं’ म्हणालो. पुढे रानवारच्या बाजूला वळलो. जुनी लाकडी जिन्यांची घरे, दारासमोरचे क्रूस, गॅलरीत वाळत घातलेली बोंबलांची रांग, असे हे ईस्ट इंडियन मंडळींचे गावठाण पायी हिंडण्यासारखे आहे. पण तिथल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवरून गाडी जाऊ लागली तेव्हा मला घरे दिसेनात, फक्त त्यांची थरथर दिसू लागली. प्रत्येक ठोकळा आपापला क्रमांक माझ्या मणक्यावर लिहीत होता. मेहबूब स्टुडिओवरून मोत माउलीचा चढ चढलो. त्या चढावर दर सप्टेंबरात जत्रा भरते, आणि मेणाचे हातपाय, मेणाची घरे, मेणाच्या मोटारीसुद्धा नवसाला वाहतात. माझ्या मनात आले, इथे मेणाचा मणका मिळत असला तर आत्ताच वाहून टाकावा.

“गतिरोधक आला, सर,” असे माझा विद्यार्थी अधूनमधून सांगे आणि गाडी तिरपी करून, एकेक चाक वाटाघाटी करीत पलीकडे नेई. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असावा, त्याचा उतार इतका सौम्य की ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखाने जावी. आपल्या गल्लीतले गतिरोधक मात्र बहुधा गल्लीच्या रागाच्या उंचीचे असतात.

बँडस्टँडवर समुद्राकडे तोंड करून आम्ही चहा घेतला. तेव्हा तो बोलला. ही गाडी त्याने हौसेपायी घेतली हे खरेच, पण हौस एकट्याची नव्हती. लहानपणी वडील त्याला बसमधून बँडस्टँडला आणत आणि येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी ओळखायला शिकवत. कोणतीचा आवाज कसा, कोणतीच्या कमानी मऊ, कोणतीच्या ताठ. “एक दिवस अप्पांना अशा गाडीतून इथं आणायचं, एवढंच ठरवलं होतं, सर.” गाडी आली त्या रविवारी त्याने अप्पांना बसवले, खेरवाडीहून निघून रेक्लमेशनवरून बँडस्टँडला आणले आणि परत नेले. अप्पांनी वाटेत चकार शब्द काढला नाही. घरी उतरताना मात्र त्यांना उभे राहता येईना. तीन दिवस ते पाठ टेकून पडले होते. डॉक्टरांनी मणक्याची जुनी तक्रार उलटली म्हणून सांगितले. ज्या माणसासाठी वीस वर्षे हा बेत केला होता, त्यालाच तो सोसला नाही.

विक्रेत्याकडे तो दोनदा जाऊन आला. तिथे त्याला थंड पाणी मिळाले, गरम कॉफी मिळाली आणि उत्तर मिळाले की, “साहेब, स्पोर्ट्‌स गाडी अशीच असते. दोष आपल्या रस्त्यांचा.” आता आपल्या रस्त्यांना दोष द्यायला कोण नाही म्हणेल? पण माझा विद्यार्थी गणिताचा. तो म्हणाला, “सर, मग आपण रस्ता बदलून पाहू.” आणि त्याने गाडी सागरी सेतूवर घातली.

वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला. लांबी ५.६ किलोमीटर, वेगाची मर्यादा ताशी ८०. इथे खणलेला नळ नाही, ठोकळा नाही, गतिरोधक नाही. डावीकडे माहीमचा किनारा, उजवीकडे मोकळा समुद्र आणि वर वीणेच्या तारांसारख्या ताणलेल्या दोरखंडांची ओळ. गाडी वळणावर इतकी ठाम राहिली की जणू रुळांवरून चालली आहे. इंजिनाचा स्वर चढत गेला आणि क्षणभर मलाही कळले की माणसे या वस्तूवर जीव का टाकतात. पण सेतूच्या कमानींमध्ये ठरावीक अंतरावर लोखंडी सांधे आहेत. दर सांध्याला गाडी ‘धप्’ करून बसे आणि तो धक्का तसाच्या तसा आसनातून वर येई. परत येताना मी त्याला गाडी घरी ठेवायला लावून त्याच सेतूवरून साध्या भाड्याच्या टॅक्सीने नेले. त्याच सांध्यांवर टॅक्सी ‘टक्’ करी आणि पुढे जाई. रस्ता तोच, सांधे तेच, वेगही तोच. तेव्हा दोष सगळा रस्त्याचा, हे म्हणणे तिथेच निकालात निघाले.

उरलेले उत्तर मला खेरवाडीत मिळाले. अप्पांच्या समाचाराला गेलो, तर ते खुर्चीत ताठ बसून रेडिओ ऐकत होते. मी गाडीचा विषय काढताच त्यांचे डोळे चमकले.

“सर, रिकामी बस दणके देते आणि भरलेली बस झुलते, हे पाहिलंय ना तुम्ही?” त्यांनी विचारले. “पाटे बसवलेले असतात साठ-सत्तर माणसांच्या वजनाला. माणसं नसली की पाटा वाकतच नाही, सगळा धक्का वर ढकलतो. पोराची गाडी म्हणजे जन्मभर रिकामी बस.”

आणि मग त्या फिटरने मला तासभर शिकवले. मी वर्गात इतके चांगले शिकवतो की नाही, याची मला त्या दिवसापासून शंका आहे. स्प्रिंग धक्का घेते, पण तो पचवत नाही. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चेंडूसारखी उड्या मारत राहील. पचवण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बरचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते जाताना धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते. भोके फार बारीक ठेवली तर नळी लोखंडाची कांब होऊन बसते. फार मोठी ठेवली तर गाडी डोलते. वळणावर गाडी कलू नये म्हणून स्पोर्ट्‌स गाडीच्या स्प्रिंगा ताठ करतात. वर चाके मोठी आणि जड, त्यांवरचे टायर वहाणेच्या तळासारखे पातळ. म्हणजे हवेची जी पहिली गादी, तीच काढून घेतली. चाक जड असले की ते खड्ड्यात जोराने पडते आणि जोरानेच वर येते. “तरी हे सगळं सांभाळता येतं,” अप्पा म्हणाले. “स्प्रिंग कितीची आणि शॉक अॅब्सॉर्बर कितीचा, याचं लग्न जुळवावं लागतं. पुन्हा पुन्हा गाडी पळवायची, उघडायची, भोकं बदलायची, पुन्हा पळवायची. आमच्या आगारात साहेबलोक वैतागायचे. पण बसमध्ये म्हातारी माणसं असतात, गरोदर बायका असतात. त्यांची हाडं कोण सांभाळणार?”

घरी येताना या बोलण्यावर मी विचार करीत होतो. हाताने केलेल्या वस्तूचे आपल्याला मोठे अप्रूप. पैठणी हाताची, तबला हाताचा, पुरणपोळीही हाताचीच. ते खरेही आहे. पण हाताचे कसब जिथे डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते, तिथेच गिऱ्हाइकाला कळते. शिवण दिसते, लाकूड दिसते, रंग दिसतो. तेलाच्या नळीतले भोक कोणाला दिसते? ते काम हाताच्या कसबाचे नसून मोजमापाचे आणि चिकाटीचे आहे. वर्षाला लाखो गाड्या काढणारा कारखाना त्यासाठी कित्येक गाड्या मोडीत काढू शकतो. वर्षाला काहीशे गाड्या बांधणाऱ्याला तेवढा खर्च झेपत नाही. तो ते सुटे भाग बाहेरून आणतो आणि लग्न न जुळवताच संसार मांडून देतो.

इंग्लंडात माल्व्हर्न या गावी मॉर्गन नावाची कंपनी आहे. १९०९-१० च्या सुमारास ती निघाली आणि आजही गाडीच्या सांगाड्यात ॲश झाडाचे लाकूड वापरते. पुढच्या चाकांची तिची रचना, म्हणजे उभ्या दांड्यावरून वरखाली सरकणारे चाक, मूळची शतकापूर्वीची. ती २०२० पर्यंत चालू होती. त्या गाडीचे धक्के तिच्या भक्तांतही प्रसिद्ध. पण मॉर्गन घेणारा माणूस ते जाणूनच घेई. आजोबांच्या आरामखुर्चीचा एक पाय लहान असतो, तरी ती आपण टाकत नाही, त्यातला प्रकार. उलट त्याच देशात कॉलिन चॅपमन नावाच्या एंजिनिअरने १९५२ साली लोटस कंपनी काढली. तीही लहान, पैशाची ओढाताण तिलाही होती. पण चॅपमनचे सूत्र असे की गाडी हलकी करावी, स्प्रिंग मऊ ठेवावी आणि शॉक अॅब्सॉर्बरने तिला शिस्त लावावी. १९६२ सालची त्याची ‘एलान’ वळणावर चपळ आणि तरीही खडबडीत रस्त्यावर सौम्य म्हणून नावाजली. म्हणजे कारखाना लहान म्हणून दणका द्यायलाच हवा, असे नाही. गरिबाघरची सून अंगणातल्या दगडालाही सांभाळून पाय टाकते. थोरामोठ्यांच्या घरीच भांडी आपटतात.

आपल्याकडेही ही हौस नवी नाही. गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची, फायबरग्लासच्या अंगाची, दोन आसनांची उघडी गाडी निघाली होती. पुढे मुंबईचे दिलीप छाब्रिया यांनी २०१२ साली दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात ‘अवंती’ मांडली. तिचे इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे आणि रूप आपल्या इथले; देशी स्पोर्ट्‌स मोटार म्हणून तिच्याभोवती गर्दी लोटली होती. आपल्या लोकांना रूप घडवता येते, यात शंका नाही. मला वाटते, त्या रूपाखाली खेरवाडीच्या फिटरची एक पिढी बसवली पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी काय केले? विकायला काढली तर अर्धी किंमत यायची. म्हणून त्याने शॉक अॅब्सॉर्बर काढून एका जाणकाराकडून आतली भोके बदलून घेतली, चाके एका मापाने लहान केली आणि टायर जाड बसवले. या कामावर देखरेख अप्पांची. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून ते सूचना देत आणि जाणकार माणूस “होय काका, होय काका” म्हणत ऐके. चार महिने लागले. मी पुन्हा बसून पाहिले. हिल रोडची ती पट्टी आता दणका न देता नुसता निरोप देते. गाडी सज्जन झाली असे म्हणणार नाही, पण माणसात आली.

अप्पा मात्र तिच्यात पुन्हा बसले नाहीत. “चालते ती आता चांगली,” ते म्हणाले, “पण विहिरीतून वर कोण काढणार मला?” यंदाच्या मोत माउलीच्या जत्रेला ते बसने गेले, खिडकीशी बसून. मुलगा शेजारी उभा होता. गर्दीत त्याला जागा मिळाली नव्हती. चढाच्या पायथ्याशी उतरून दोघे सावकाश वर चालत गेले. माझा विद्यार्थी मला नंतर म्हणाला, “सर, बस गच्च भरलेली होती. झुलत होती.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

दिवाळीच्या मुहूर्तावर पुष्कळ घरांत वाहन येईल. ते दोन कोटींचे नसेल, पाच-सात लाखांचेच असेल. पण तेही पोटाला चिमटा घेऊनच घेतलेले असते. अशा मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर उभ्या गाडीत बसून पसंती देऊ नका. चाचणीसाठी गाडी मागा, घरातल्या सर्वांत वडील माणसाला पुढच्या आसनावर बसवा आणि आपल्या भागातल्या सर्वांत वाईट रस्त्यावरून तिला न्या. तो रस्ता शोधायला फार लांब जावे लागणार नाही. परत आल्यावर त्या वडील माणसाचा चेहरा पाहा, आणि मगच पैसे मोजा.